समुद्रासमोरची भिंत

आमच्या घरासमोरून पोलीस गेला की रुपीबाई बोलता बोलता थांबायची. हातातली सुई तशीच धरून, त्याच्या बुटांचा आवाज संपेपर्यंत मान खाली घालून बसायची. पुन्हा बोलायला लागली तरी आधी काय सांगत होती ते तिला आठवायचं नाही.

एकदा मी विचारलंच, "काहून वं, तुझं काय केलं त्यानं?"

"मह्यं काय करन थो?" ती म्हणाली. "मह्या बाचं केलं."

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि रुपीबाई अगदी लहान होती. दूरच्या कुठल्याशा गावात सावकाराचं घर फुटलं आणि पोलीस तांड्यावर आले. चोरी कुठंही होवो, झडती आधी बंजाऱ्यांच्या तांड्याची व्हायची. तिच्या बापाला धरून नेलं. तो पुष्कळ दिवसांनी परत आला, तेव्हा त्याच्या उजव्या हाताची मूठ मिटत नव्हती. बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून सगळा मुलूख पालथा घातलेला, आणि ह्याला स्वतःच्या वखराच्या बैलांचा कासरा धरता येईना. खरा चोर पुढं त्याच गावात सापडला म्हणतात. ते सांगायला तांड्यावर कोणी आलं नाही.

रुपीबाईचा तांडा दिग्रसहून पुसदच्या रस्त्याला, आत एका नाल्यापलीकडे होता. नवरा हिरासिंग, थोडी कोरडवाहू जमीन, कापूस आणि ज्वारी. एक मुलगी, हंसाबाई, घाटंजीकडे दिलेली. बाजाराच्या दिवशी रुपीबाई आपलं गाठोडं आमच्या ओट्यावर ठेवून सरकीची ढेप, तेल-मीठ आणायला जायची आणि परतताना घटकाभर टेकायची. तिचा घेरदार फेटिया, म्हणजे बंजारा बायकांचा घागरा, तिनं स्वतः भरलेला असे. त्यात नखाएवढे आरसे इतके दाट बसवलेले की ती उन्हातून चालत आली की आमच्या भिंतींवर उजेडाचे ठिपके पळायचे.

त्या आरशांनीच सगळं घडवलं म्हणायचं. माझे यजमान, चंद्रशेखर, दिग्रसच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. मुंबईला चित्रकला शिकून आलेले. ते कागद घेऊन बसायचे आणि रुपीबाईच्या फेटियावरची नक्षी उतरवायचे. तिला हसू यायचं.

"मास्तर, घागरा काय पायता? तुमची बायको पाह्यन न!"

सन चौसष्टमध्ये मुंबईला बंदराकडे जाणाऱ्या एका नव्या रस्त्यालगत, समुद्राकडे तोंड असलेली लांबलचक भिंत बांधली होती. ती सजवायची म्हणून चित्रकारांकडून कल्पना मागवल्या. ह्यांनी आरशांच्या लाटा काढून पाठवल्या. फेटियाच्या घेरासारख्या एकात एक गुंतलेल्या लाटा, मधे होड्या. आणि निवड झाली ती ह्यांचीच! आनंद ओसरल्यावर प्रश्न पडला की ते आरसे बसवणार कोण. मुंबईचे गवंडी आरसे लावतील, पण ती वळणं त्यांच्या हातात नव्हती.

हे मला घेऊन तांड्यावर गेले. नायक पूनमसिंग लिंबाखाली खाटेवर बसले होते. तांड्याचा शब्द त्यांचा. त्यांनी ह्यांचं सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या बाया ममईले पाठवाच्या? कामाले?"

"मी सोबत राहतो," हे म्हणाले. "आणि ही पण येते."

"कपाशीत जाते, तुरीत जाते तसंच हाये न हे," हिरासिंग मागून म्हणाला. "भिताडावर जाईन. पन एकटी नाई."

शेवटी त्याच्या धाकट्या भावाची बायको भुरीबाई हिनंही जायचं ठरलं. रुपीबाईनं एवढंच विचारलं, "तिथी पोलीस असतीन?"

"असतात," हे म्हणाले. "पण आपला त्यांच्याशी काय संबंध?"

कापसाची वेचणी आटोपल्यावर आम्ही निघालो. एसटीनं दारव्हा, तिथून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, मग मोठी गाडी. मुंबईत एका कोळ्याच्या घरी वरची खोली भाड्यानं मिळाली. समुद्र पाहून दोघी घाबरतील असं मला वाटलं होतं. भुरीबाई घाबरली. रुपीबाईनं पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "मीठ हाये हे तं. आमचेच बुढे नेत होते इथून."

आणि एक गंमत झाली. तेव्हा मुंबईचे पोलीस आमच्याकडच्यांसारखे दिसत नसत, निळी अर्धी चड्डी घालायचे आणि डोक्यावर पिवळी टोपी. पहिले कितीतरी दिवस रुपीबाई त्यांच्या अंगावरून खुशाल जात होती. एकदा मी म्हटलं, "आता भ्यायची राह्यली नाहीस तू."

"कोनाले?"

मी चौकातल्या शिपायाकडे बोट दाखवलं. तिचा चेहरा उतरला. "हा पोलीस होय? मी तं बाजेवाला समजली!" मी उगाच सांगितलं असं मला झालं. त्या दिवसापासून ती रस्ता ओलांडून जायला लागली.

पण काम सुंदर झालं. सिमेंटचा ओला गिलावा गवंडी थापून द्यायचा आणि ह्या दोघी त्यात आरशाचे तुकडे दाबत जायच्या. लाटा झाल्या, होड्या झाल्या. शेवटच्या टोकाला जागा उरली तिथं रुपीबाईनं न विचारता बैलांची रांग काढली, पाठीवर गोण्या लादलेली.

"समुद्राकाठी बैल कसे?" ह्यांनी विचारलं.

"मीठ कोन नेईन मंग? होडी येईन काय दिग्रसले?"

हे हसले आणि बैल राहिले. संध्याकाळी सूर्य समुद्रावर टेकला की सबंध भिंत पेटल्यासारखी दिसायची. माणसं फिरायला येऊन समोर उभी राहायची. लहान पोरं आपली तोंडं शोधायची. पेरणीच्या आधी आम्ही घरी परतलो आणि रुपीबाईनं तांड्यावर सगळ्यांना सांगितलं की ममईत आपले बैल उभे आहेत.

तिथंच थांबलं असतं तर बरं होतं. पावसाळ्यात लाटा रस्त्यावर येतात. त्यांनी खालचे आरसे उखडले. दुरुस्ती करून द्या, असा ह्यांना निरोप आला. निंदण संपल्यावर, गणपतीच्या सुमारास, आम्ही चौघं पुन्हा मुंबईला गेलो. ते साल पासष्ट.

काम सुरू होऊन आठवडाही झाला नसेल, तोच लढाई लागली.

आमच्या घरवाल्या कोळिणीकडे रेडिओ होता. त्याच्याभोवती सगळी आळी जमायची. आधी लाहोरकडच्या बातम्या. मग कोणी सांगू लागलं की विमानातून छत्र्यांनी शत्रूची माणसं उतरली आहेत. मग बातमी आली की शत्रूच्या जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या. समुद्रातून!  द्वारका आणि आपण एकाच किनाऱ्यावर, हे तिथल्या पोराटोरालाही कळत होतं. रात्री दिवे बंद झाले. खिडक्यांना काळे कागद लागले. गणपतीपुढच्या समईलासुद्धा टोपली झाकली. एवढं मोठं शहर अंधारात गेलं आणि वर चांदणं वाढत चाललं.

त्या अंधारात एकच गोष्ट चमकत राहिली. आमची भिंत.

पहिल्यांदा ते बोलून दाखवलं घरवाल्या कोळ्यानं. जाळी आवरता आवरता तो ह्यांना म्हणाला, "मास्तर, रागावू नका. पण होडी घेऊन परतताना तुमची भिंत आम्हाला लांबून दिसते. वाट दाखवल्यासारखी. आम्हाला दिसते, तर त्यांना नाही दिसणार?"

 तो बोलला ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच हे भिंतीचं काम देणाऱ्या कचेरीत गेले, भिंतीवर टाकायला ताडपत्र्या द्या म्हणून. साहेब जागेवर नाहीत, बसा. त्याच्याही दुसऱ्या दिवशी गेले, तेव्हा ताडपत्र्या सगळ्या दवाखान्यांकडे गेल्या, उद्या या. इकडे आळीतली माणसं आमच्याकडे बघायची पद्धत बदलली. नळावर मी गेले की बायका बाजूला व्हायच्या. भुरीबाई आणि रुपीबाई एकमेकींशी त्यांच्या गोरबोलीत बोलायच्या, ते ऐकायला पोरं थांबायची आणि पळून जायची.

"बाई, घरी चाला," रुपीबाई मला रोज म्हणायची. "काम राहू द्या. मले हे बरं नाई दिसत."

"गाड्यांत फौज चालली आहे गं. जागा मिळाली की निघू."

"पायी जाऊ," ती म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी हे पुन्हा कचेरीत गेले. जाताना आम्हाला म्हणाले, गोणपाट बांधून निदान खालचा भाग तरी झाका. आम्ही तिघी भिंतीशी गेलो. भुरीबाईनं एक गोणपाट उचलला, वाऱ्यानं तो सुटला आणि उन्हात आरशांवर फडफडला. बघणाऱ्याला वाटावं, कोणी मुद्दाम झाकतंय आणि उघडतंय.

"ए! काय करताय? कुणाला खुणा करताय?"

मागं वळून पाहिलं तर पाचसात माणसं होती. बघता बघता रस्ता भरला. भुरीबाई घाबरून रुपीबाईला काहीतरी बोलली.

"ही कसली बोली? ही मराठी नाही!"

"हेर आहेत हेर! अंगावर बघा, अंगावर पण आरसे!"

एकानं भुरीबाईच्या ओढणीला हात घातला आणि ओढली. ती "याडी, याडी" करत, आईला हाका मारत, खालीच बसली. मी ओरडून सांगत होते, "अहो, आम्ही यवतमाळच्या. दिग्रसच्या. ही भिंत माझ्या यजमानांनी..." माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. एका म्हाताऱ्याच्या हातात वल्हं होतं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, ती भीतीच होती. रागावलेल्या माणसाला समजावता येतं. भ्यालेल्याला काय सांगणार? मुलंबाळं घरात आहेत आणि दारासमोर शत्रूला वाट दाखवणारी भिंत आहे, एवढंच त्याला दिसत होतं.

रुपीबाई भिंतीला पाठ लावून उभी होती. दोन्ही हात तिनं काखेत घट्ट दाबून धरले होते. ओठ हलत होते, ती त्यांच्या देवीचं, मरियामेचं नाव घेत असावी.

एवढ्यात शिट्टी वाजली. दंडाला पट्टा बांधलेले एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत आले. ते त्या आळीचे वॉर्डन, विठ्ठलराव. एका गिरणीतून निवृत्त झालेले. घरोघरच्या खिडक्यांचे काळे कागद तपासायला रोज संध्याकाळी यायचे, म्हणून मी त्यांना ओळखत होते.

"हात लावायचा नाही कुणी," ते ओरडले. "हेर असतील तर चौकीत ठरेल. चला बाई, चौकीत चला. इथं थांबू नका."

त्यांनी आम्हाला वाचवलं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण चौकी हा शब्द ऐकून रुपीबाईनं मान हलवली.

"मी नाई येत."

"रुपीबाई, हे लोक मारतील आपल्याला!"

"मारू द्या. इथीच मारू द्या. पोलिसात नाई येत मी."

समोर गर्दी, हातात दगड, आणि ती बाई तिथून हलायला तयार नाही. मी तिचा हात धरून ओढला, तर तो काखेतून सुटेना. शेवटी भुरीबाईनं एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं तिला अक्षरशः उचलल्यासारखं नेलं. विठ्ठलराव पुढं, लोक मागं. एक दगड माझ्या खांद्याला लागला. वळून पाहायचं धाडस झालं नाही.

चौकीतले फौजदार थकलेले दिसत होते. लढाई लागल्यापासून अशी किती माणसं त्यांच्याकडे आणली गेली असतील कोण जाणे. त्यांनी मला विचारलं, मी सांगितलं. दिग्रस, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, पती शाळेत मास्तर. मग ते रुपीबाईकडे वळले.

"नाव काय?"

तिला बोलता येईना. 

"नाव विचारतोय, बाई. नाव सांगायला काय हरकत आहे?"

"साहेब, ती भ्यालीय," मी म्हटलं.

"सगळेच भ्यालेत," फौजदार म्हणाले. "हात का लपवलेत तिनं? काय आहे हातात? दाखव."

शिपाई पुढं झाला, तसं तिच्या तोंडून एकदम निघालं, "हात नका मोडू! साहेब, हात नका मोडू, मले कपाशी वेचा लागते!"

 शिपाई होता तिथंच थांबला. फौजदार म्हणाले, "कोण मोडतंय हात? पाणी द्या हिला."

पाणी दिलं. ते तिच्यानं प्यायलं गेलं नाही. बाहेर लोक ओरडतच होते. फौजदार खिडकीपर्यंत जाऊन आले.

"तुम्ही हेर नाही हे मला दिसतंय," ते मला म्हणाले. "पण ती भिंत चमकते हेही खरं आहे. आज दिवस मावळायच्या आत ती काळी झाली पाहिजे. आणि तुम्ही स्वतः केली तर ह्या लोकांचा जीव भांड्यात पडेल. नाहीतर रात्री मी तुम्हाला कुठं ठेवू?"

"यजमान आल्यावर..." मी म्हणू लागले.

"दिवस थांबणार नाही, बाई."

रस्त्याच्या कामाचं डांबराचं पिंप भिंतीजवळच पडलं होतं. आमच्याबरोबर एक शिपाई दिला. कोवळा पोरगा होता, साताऱ्याकडचा, टोपी त्याला जरा मोठीच व्हायची. लोकांनीच लाकडं आणली, डांबर पातळ केलं. भीतीपोटी ओरडणारी ती माणसं आता बादल्या भरून देऊ लागली. काठ्यांना गोणपाटाचे बोळे बांधून आम्ही तिघी फासायला लागलो. विठ्ठलरावांनीही सदरा काढून एक बोळा घेतला. गर्दीतले दोघेतिघे शिडीवर चढले.

रुपीबाई यंत्रासारखी काम करत होती. शिपाई तिच्या पाठीशी उभा होता आणि तो जरा हलला की तिचा हात थांबायचा. एकेक लाट काळी होत गेली. जी वळणं तिनं महिनोन् महिने बसून दाबली होती, ती तिनंच पुसली. ती रडली नाही. मला वाटतं, रडण्याइतकीही जागा तिच्यात तेव्हा शिल्लक नव्हती.

सूर्य खाली आला. सगळी भिंत काळी झाली, फक्त शेवटच्या टोकाचे बैल उरले. नेमका तेव्हा विमानहल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला.

तो आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळणार नाही. पोटातून वर चढत जातो. बादल्या पडल्या, माणसं धावली, आया पोरांना नावानं हाका मारत सुटल्या. विठ्ठलरावांनी भुरीबाईला हाताला धरून समोरच्या चाळीच्या जिन्याखाली नेलं आणि मला ओरडले, "या! लवकर या!" मी रुपीबाईला ओढलं. ती हलली नाही. मग मीही तिथंच, भिंतीच्या बुडाशी, अंग आकसून बसले. कुठं पळायचं सुचेचना.

शिपायाला पळता आलं असतं. पण तो आमच्यावर नेमलेला होता. "खाली बसा, खाली बसा," असं म्हणत तो स्वतःच आधी बसला. त्याची टोपी पडली. दोन्ही हातांनी त्यानं रुपीबाईचं डांबरानं माखलेलं मनगट पकडलं आणि सोडेना. त्याचे दात वाजत होते.

"मावशी," तो म्हणाला, "विमान येतंय का हो? तुम्हाला ऐकू येतंय का?"

रुपीबाईनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मला वाटतं, पोलिसाचं तोंड एवढ्या जवळून तिनं पहिल्यांदाच पाहिलं असेल.

"ते झाका," तो वर बघून पुटपुटला. "ते बैल झाका. चमकतायत." पण त्याला उठता येईना.

मावळतीचं ऊन खरंच बैलांवर पडलं होतं. आमच्या डोक्यावर हातभर अंतरावर सगळी रांग लखलखत होती. रुपीबाईनं मनगट सोडवलं आणि उठली. बोळा कुठं पडला होता दिसेना. तिनं बादलीत दोन्ही पंजे घातले. डांबर अजून गरम होतं. तोंडातून एकदा "स्स" निघालं, मग ती पंजांनीच फासायला लागली. एक बैल, त्याच्यामागचा दुसरा, पाठीवरच्या गोण्या. मी उठून तिला धरायला हवं होतं की फासायला मदत करायला, मला ठरवता आलं नाही. मी बसून राहिले आणि आभाळाकडे बघत राहिले.

सगळं काळं झाल्यावर ती त्या पोराच्या शेजारी येऊन बसली.

"झालं, बापू," ती म्हणाली. पोलिसाला! "आता नाई दिसत. आता नाई दिसत आपन कोनाले."

विमान आलं नाही. पुष्कळ वेळानं धोका टळल्याचा भोंगा झाला. जिन्यांखालून, दारांआडून माणसं बाहेर आली.  तो वल्हंवाला म्हातारा जवळ आला, रुपीबाईचे हात त्यानं पाहिले आणि तसाच मागं फिरून घरातून खोबरेल घेऊन आला. तो शिपाई तिच्या पंजांवर तेल ओतत होता आणि मान वर करत नव्हता. थोड्या वेळानं हे कचेरीतून परतले. ताडपत्र्या उद्या मिळणार होत्या. त्यांनी भिंत पाहिली, मग रुपीबाईचे हात पाहिले, आणि रस्त्याच्या कडेला बसले.

पुढं लढाई थांबली, गाडीत जागा मिळाली, आम्ही घरी आलो. रुपीबाईच्या तळहातांची सालं निघाली, दिवाळीपर्यंत हात बरे झाले, वेचणीलाही ती गेली. पण आरसे तिनं पुन्हा भरले नाहीत. हंसाबाई माहेरी आली तेव्हा नव्या फेटियासाठी हट्ट धरून बसली. आईनं तिला नुसत्या दोऱ्याचा करून दिला. नागपूरकडे जाणारं विमान आमच्या आभाळातून कधीतरी जायचं, तेव्हा ती शेतातल्या बायकांना झाडाखाली ओढायची. बायका हसायच्या. हिरासिंग मात्र हसत नसे. मला तो एकदा म्हणाला, "बाई, झोपेत हात झाकते थे अजून."

दुसऱ्या वर्षी दिग्रसच्या बाजारातून कापसाच्या गाठी चोरीला गेल्या आणि नेहमीसारखे पोलीस तांड्यावर आले. गडीमाणसं शेतात पांगली, बायकांनी दारं लावली. रुपीबाई अंगणात उभीच राहिली. हवालदारानं विचारलं त्याला तिनं उत्तर दिलं, आपलं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, घर उघडं आहे पाहून घ्या म्हणाली. हवालदारानं आत डोकावून पाहिलं, पाणी मागितलं, पिऊन गेला. तांड्यावर त्याची मोठी कथा झाली. नायक पूनमसिंग लोकांना सांगायचे, आमची रुपीबाई पोलिसाले भेत नाई. मी तिला त्याबद्दल विचारलं तर ती चिडली.

"कायचं नाई भेत? मह्ये पायच उचलले नाई, बाई. पळाले पाय पाह्यजे न!"

एकोणसत्तरात हे काही कामानं मुंबईला गेले होते. परत आल्यावर बाजाराच्या दिवशी त्यांनी रुपीबाईला सांगितलं की रस्ता रुंद करायला घेतलाय, आपली भिंत पाडली. विटा आणि गिलावा समुद्रात भराव म्हणून टाकला. ती दुःखी होईल म्हणून हे बरंच काही समजावण्याच्या तयारीत होते. तिनं तुरीच्या शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "थो पोट्टा भेटला काय?"

"कोण?"

"थो शिपाई. पिवळ्या टोपीचा. कसा हाये थो?"

ह्यांनी त्याची चौकशी केली नव्हती. त्याचं नावही आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं.

"विचारा लागत होतं, मास्तर," ती म्हणाली. मग तिनं गाठोडं बांधलं, डोक्यावर घेतलं आणि पुसदकडची एसटी सुटायच्या आत स्टँडवर पोचायचं म्हणून निघाली.